‘घरपट्टी वाढवली तर चालेल का?’ : अहेरीत हा प्रश्न नेमकं काय मोजतो?

‘आपल्या तालुक्यात नवीन महाविद्यालय काढण्यासाठी घरपट्टीत थोडी वाढ झाली, तर तुमचा पाठिंबा असेल का? पूर्ण सहमत / सहमत / सांगता येत नाही / असहमत / पूर्ण असहमत.’

शिक्षणशास्त्र, अर्थशास्त्र किंवा लोकप्रशासन या विषयांत पीएच.डी.ची तयारी करत असाल, तर अशा धाटणीचा प्रश्न कधी ना कधी तुमच्या प्रश्नावलीत येणारच. पाच पर्याय, तीनशे-चारशे उत्तरं, मग काय-वर्ग चाचणी, तक्ते आणि निष्कर्ष. काम मार्गी लागल्यासारखं वाटतं. आज मी हा एकच प्रश्न घेऊन तो अहेरीत विचारून बघणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो : अहेरीत हा प्रश्न शिक्षणाला असलेला पाठिंबा मोजतच नाही. तो मोजतो लोकांचा करावरचा विश्वास. या दोन गोष्टी एक समजून लिहिलेला निष्कर्ष तिथल्या मुलांचं नुकसान करू शकतो.

प्रश्न कुठून आला?

मुळात हा प्रश्न अमेरिकेतला. तिथे कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, स्थानिक, कमी फीचं महाविद्यालय. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ सालचं. अनेक राज्यांत या कॉलेजांचा स्वतःचा जिल्हा असतो, लोकांनी निवडलेलं मंडळ असतं आणि त्या जिल्ह्यातल्या मालमत्ता कराचा ठरावीक भाग थेट कॉलेजला मिळतो. कर्जरोखे काढायचे असतील तर अनेकदा मतदान होतं. कॅलिफोर्नियात २००० साली मंजूर झालेल्या प्रस्ताव ३९ नुसार शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांच्या अशा रोख्यांना ठरावीक अटींवर ५५ टक्के मतं पुरतात.

आता बघा, तिथे ‘तुमचा पाठिंबा आहे का’ या प्रश्नामागे पक्की व्यवस्था उभी आहे. किती कर, कोणत्या कॉलेजला, खर्च कोण करणार, चुकलं तर कोणाला पाडायचं, हे सगळं मतदाराला माहीत असतं. म्हणून तिथल्या ‘हो’ला आणि ‘नाही’ला अर्थ आहे.

आपल्याकडे कम्युनिटी कॉलेज हे नाव आलं, व्यवस्था आली नाही. १९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठात सुरुवात झाली, २०१३-१४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाची योजना आली. पण पैसा वरून, अनुदान म्हणून. स्थानिक कर नाही आणि निवडलेलं मंडळही नाही. तेव्हा मोजपट्टी उचलताना ती कशासाठी बनवली होती, हे आधी तपासायला हवं.

शिक्षणासाठी कर तर आपण देतोच!

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहराचं मालमत्ता कराचं बिल समोर घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. त्यात ‘शिक्षण कर’ दिसेल. १९६२ च्या राज्य कायद्यानुसार शहरी भागातल्या जमिनी आणि इमारतींवर हा कर बसतो. पुढे त्यालाच रोजगार हमी कराची जोड मिळाली. वसुली नगरपालिका करते, पण पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. आपल्या गावातून किती गेला आणि आपल्या गावातल्या शिक्षणावर किती परत आला, याचा हिशोब ते बिल देत नाही.

ही तक्रार नवी नाही. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर लोकल फंडाचा उपकर होता, त्यातला एक हिस्सा शिक्षणासाठी होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं : सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. अहेरी तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हती, मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होती. पण प्रश्न तोच. कर देणारा आणि लाभ घेणारा यांची गाठच पडत नसेल, तर कर देणाऱ्याच्या मनात काय आहे, हे करावरून कसं कळणार?

म्हणून अहेरीतला एखादा दुकानदार ‘असहमत’वर टिक करतो, तेव्हा त्याच्या उत्तराचे किमान तीन अर्थ होतात : मला कॉलेज नको; मला कॉलेज हवं पण ऐपत नाही; मला कॉलेज हवं, ऐपतही आहे, पण हा पैसा कॉलेजपर्यंत पोहोचेल यावर भरवसा नाही. तुमच्या तक्त्यात तिन्ही एकाच रकान्यात पडतात. संशोधनाच्या भाषेत हा वैधतेचा दोष आहे. नमुना तीनशेवरून तीन हजारांवर नेला, तरी तो जात नाही.

घरपट्टी कोणत्या संपत्तीवर?

दुसरी अडचण पायाची आहे. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती आणि त्यात शहरी लोक जेमतेम ११ टक्के. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली. जंगलाला घरपट्टी नसते. कुडाच्या भिंतीच्या, कौलारू घरावर ती बसवून बसवून किती बसणार?

याचा अर्थ तिथे संपत्ती नाही असा नाही. संपत्ती आहे, ती घरांत नाही इतकंच. ती तेंदूपानात, बांबूत आणि जमिनीखालच्या लोहखनिजात आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचं खनिज ट्रकांनी आलापल्लीमार्गे बाहेर जात आलं आहे. त्याची रॉयल्टी राज्याला मिळते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणवाल्यांना रॉयल्टीशिवाय जिल्हा खनिज प्रतिष्ठानात वेगळी रक्कम भरावी लागते : जुन्या भाडेपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्यांना १० टक्के. हा निधी खाणबाधित लोकांसाठी आहे आणि शिक्षण हे त्यातलं एक प्राधान्यक्षेत्र आहे.

मग प्रश्न असा : तालुक्यातली मोठी संपत्ती ज्या रस्त्याने बाहेर जाते, त्या रस्त्याकडेच्या माणसाला आपण ‘तुझ्या घरावर थोडा कर वाढवू का’ असं का विचारतोय? प्रश्नावलीने कराचा पाया आधीच ठरवून टाकला आहे. उत्तर देणाऱ्याला तो बदलायची सोय नाही.

लोक देत नाहीत असं कोण म्हणतं?

इतिहास बघितला तर महाराष्ट्रात शिक्षणासाठी लोकांनी भरपूर दिलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ती मूठमूठ धान्यावर आणि लोकवर्गणीवर वाढली. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांभोवती शाळा, तंत्रनिकेतनं, महाविद्यालयं उभी राहिली, त्यात उसाच्या बिलातल्या कपातीचाही वाटा होता. एका अर्थाने ती कपात म्हणजे आपला देशी स्थानिक करच.

पण इथेही सावध राहा. कपात झाली म्हणजे पाठिंबा होता, असं लिहू नका. बिलातून पैसे आधीच कापले गेल्यावर शेतकरी ‘नाही’ कधी म्हणणार? शिवाय पैसा सभासदांचा आणि संस्था मात्र वेगळ्या विश्वस्तांची, असंही अनेक ठिकाणी झालं. दिलेला पैसा हा पाठिंब्याचा पुरावा तेव्हाच ठरतो, जेव्हा न देण्याची मोकळीक असते आणि खर्चावर देणाऱ्याचा हात असतो.

‘हो’ला अर्थ कुठे आहे?

गडचिरोलीतच अशी एक जागा आहे : ग्रामसभा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून गाव आपला बांबू स्वतः विकू लागलं. जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आता तेंदू आणि बांबूचा व्यवहार स्वतः करतात. आलेल्या पैशाचं काय करायचं, याचा ठराव सभेत होतो. त्या ठरावात शिक्षणाला काय मिळालं, कोण विरोधात बोललं, पुढच्या वर्षी ठराव बदलला का, हे सगळं पाठिंब्याचं मोजमाप आहे. कारण तिथे ‘हो’ म्हटलं की खरोखर पैसा जातो.

आणि अहेरी? इथे गंमत आहे, खरं तर गंभीर आहे. अहेरी तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. पण अहेरी गावाची २०१५ मध्ये नगरपंचायत झाली. १९९६ च्या पेसा कायद्याचे अधिकार ग्रामसभेला आहेत. शहरी क्षेत्रांसाठी तसा कायदा संसदेत विधेयकाच्या पुढे गेला नाही. म्हणजे घरपट्टी जिथे शहरी झाली, तिथे ग्रामसभा उरली नाही. ज्या नागरिकाला तुम्ही पाठिंबा विचारताय, त्याच्याकडे तो नोंदवायची जागाच नाही.

दुसरी बाजूही मांडा

यावर परीक्षक तुम्हाला विचारतील : मग सगळा निधी स्थानिकच करायचा का? उत्तर ‘नाही’ असंच द्यावं लागेल. मालमत्ता करावर शिक्षण टांगलं की श्रीमंत भागाची शाळा श्रीमंत आणि गरीब भागाची गरीब राहते. सॅन अँटोनियो विरुद्ध रॉड्रिग्ज खटल्यात हीच तक्रार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७३ साली न्यायालयाने ती फेटाळली. अहेरी, भामरागड, सिरोंचा यांना आपापल्या घरपट्टीवर कॉलेज चालवा म्हणणं, म्हणजे चालवू नका म्हणणंच आहे. मूळ खर्च राज्याचाच. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली झालं तेही राज्याच्या निर्णयाने, आणि त्याचं मुख्यालयसुद्धा अहेरीपासून शंभरावर किलोमीटर दूर आहे. स्थानिक वाटा हवा तो रक्कम भरून काढायला नव्हे, तर काय शिकवायचं आणि कुठे शिकवायचं यावर बोलण्याचा हक्क मिळावा म्हणून.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

प्रश्नावली फेकून देऊ नका, प्रश्न फोडा. कॉलेज हवं का, हे एका प्रश्नात विचारा. पैसा कुठून यावा, हे दुसऱ्यात : घरपट्टी, खनिज निधी, ग्रामसभेचं उत्पन्न, राज्याचं अनुदान. खर्च कोणाच्या हातात असावा, हे तिसऱ्यात. ‘असहमत’ म्हणणाऱ्याला कारण विचारा आणि त्यासाठी मोकळी जागा सोडा. प्रश्न माडिया, गोंडी, तेलुगूत नेऊन तपासा, कारण अहेरीत नुसती मराठी पुरत नाही. सोबत ग्रामसभांचे ठराव आणि नगरपंचायतीचं अंदाजपत्रक वाचा.

हे सगळं का करायचं? कारण ‘स्थानिक लोक शिक्षणासाठी पैसे द्यायला तयार नाहीत’ हे वाक्य तुमच्या प्रबंधातून अहवालात जातं आणि अहवालातून फायलीवर. मग बारावीनंतर भामरागडच्या मुलीने चंद्रपूर-नागपूरला खोली करून राहावं नाहीतर घरी बसावं, याचं कारण म्हणून तुमचाच तक्ता दाखवला जातो. तो तक्ता काढण्याआधी प्रत्येक प्रश्नाला एवढंच विचारा : उत्तर देणाऱ्याने ‘हो’ म्हटलं, तर नक्की काय बदलणार आहे? काहीच बदलणार नसेल, तर त्या आकड्याला पाठिंबा म्हणू नका.