एकच स्पोअर, तीन वर्ग

मागच्या सेमिस्टरला नर्सिंगच्या मुलांची बॅक्टेरियॉलॉजीची व्हायवा घेत होतो. एकीने एंडोस्पोअरचे सगळे थर बाहेरून आत बिनचूक सांगितले. मी सहज विचारलं, "वॉर्डात हाताला सॅनिटायझर चोळलं की हे स्पोअर मरतात का?" ती म्हणाली, "हो सर, अल्कोहोल असतं ना त्यात!"

मार्किंग स्कीमप्रमाणे तिला पूर्ण मार्क द्यावे लागले. पण उत्तर चूक होतं.

नर्सिंग, फूड टेक्नॉलॉजी आणि बीएस्सी अ‍ॅग्री अशा तिन्ही वर्गांची प्रॅक्टिकल्स मी घेतली आहेत. मी पाहिलेले तिन्ही कोर्स म्हणजे बीएस्सी मायक्रोच्या अभ्यासक्रमातले काही धडे गाळून उरलेला भाग. काय गाळायचं एवढंच ठरतं. या मुलांना पुढे त्याचं काय करायचंय, हे कोणी विचारत नाही.

आता स्पोअरच घ्या. बॅसिलस, क्लॉस्ट्रिडियमसारखे काही जिवाणू दिवस वाईट आले की पेशीच्या आत जाड आवरणांची कुपी बनवतात. ती नुसत्या उकळण्याने हमखास मरत नाही, म्हणून तर ऑटोक्लेव्ह १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं चालवायचा. तिन्ही वर्गांत आम्ही आकृती काढून घेतो, मॅलकाइट ग्रीनने स्लाइड रंगवून घेतो आणि पुढे जातो.

खरं तर नर्सला हे कळायला हवं की बरेच दिवस अँटिबायोटिक्स घेणाऱ्या पेशंटला सी. डिफिसिलचे जुलाब लागले, तर सॅनिटायझरवर भागत नाही. अल्कोहोलने स्पोअर मरत नाहीत, साबण-पाण्याने ते हातावरून धुऊन काढावे लागतात.

फूडवाल्याला हे, की भात शिजवल्यावरही बॅसिलस सिरियसचे स्पोअर उरू शकतात. भात तासन् तास बाहेर राहिला की ते उगवतात, आणि त्यांचं उलटी घडवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

अ‍ॅग्रीवाल्याला नेमकं उलटं. रायझोबियम स्पोअर बनवतच नाही. म्हणून जिवाणू खताचं पाकीट उन्हात पडलं की आतला माल मरतो, आणि बीजप्रक्रिया केलेलं सोयाबीन सावलीतच सुकवायचं. हे त्याला कळलं, तरच तो शेतकऱ्याला "का" ते सांगू शकेल.

"बेसिक सगळ्यांचं सारखंच हवं," असं सीनियर म्हणतात. मान्य! ग्रॅम स्टेन कोणाचंच काढू नका. पण बेसिक शिकवायला ज्याच्या-त्याच्या कामातलं उदाहरण घेतलं, तर तासही वाढत नाहीत आणि पुस्तकही बदलावं लागत नाही. बदलावा लागतो तो परीक्षेतला प्रश्न. "स्पोअरची रचना लिहा" याऐवजी "सॅनिटायझर इथे का चालत नाही?" असं विचारा. उत्तर लिहिताना रचना आपोआप येते.

आणि हो, त्या मुलीला स्पोअरचा धडा मीच शिकवला होता.