जेस्टरचा टप

ब्लाँडी हॅस्लर यांच्या ‘जेस्टर’ या होडीचं छायाचित्र हाती आलं की माणसं तिचं शीड पाहतात, आणि ते साहजिकच आहे. चिनी जंक जहाजांच्या शिडासारखं, आडव्या पट्ट्यांवर पेललेलं ते एकुलतं एक शीड डोळा वेधून घेतंच. पण आपण क्षणभर नजर खाली आणू या, डेकच्या मध्यावर. तिथे एक गोल झरोका आहे आणि त्यावर बाबागाडीला असतो तसा घडीचा कापडी टप. हा टप झरोक्याभोवती फिरतो. लाटेचे तुषार डावीकडून आले तर तिकडे पाठ, उजवीकडून आले तर इकडे. आत उभा असलेला माणूस टपाचं तोंड हवं तिकडे वळवून कोरड्या अंगाने समुद्र न्याहाळू शकतो. जेमतेम 25 फुटी होडीवर, अटलांटिकसारख्या महासागरात, एवढ्याशा कापडाने केवढं मोठं सुख निर्माण केलं आहे!

या टपाची खरी गोडी कळते ती त्याची जागा ध्यानात घेतल्यावर. एरवी छोट्या शिडाच्या होडीत सुकाणूवाला मागच्या उघड्या खळग्यात बसतो, आणि त्याच्यापुढे पाण्याचा मारा अडवायला कापडी आडोसा नंतर जोडला जातो. हॅस्लर यांनी तो खळगाच झाकून टाकला, शिडाच्या दोऱ्या झरोक्यापाशी आणल्या, सुकाणूचं काम वाऱ्याच्या दिशेने आपोआप वळणाऱ्या यंत्रणेवर सोपवलं. जणू निवाऱ्याची जागा आधी ठरली आणि बाकीची होडी तिच्याभोवती रचली गेली. 1960 साली प्लिमथहून न्यूयॉर्कला एकेकट्याने जाण्याची पहिली शर्यत झाली, तीत फ्रान्सिस चिचेस्टर 40 दिवसांत पहिले आले आणि हॅस्लर 48 दिवसांत दुसरे. दुसऱ्या महायुद्धात छोट्या कनूंमधून बोर्दोच्या बंदरावर छापा घालणाऱ्या पथकाचा हा नायक. अंग भिजण्याचं, गारठण्याचं मोल त्याला पुरेपूर ठाऊक होतं, असं मला हा टप पाहताना नेहमी वाटतं.

आता कापडाच्या आणखी जवळ जाऊ. सपाट थानातून पोकळ, गोलाकार आडोसा बेतणं ही शिवणकलेतली अवघड गोष्ट आहे. आजचा कसबी कारागीर आधी धातूच्या वाकवलेल्या नळ्यांच्या कमानी उभ्या करतो, त्या पट्ट्यांनी ताणून जागच्या जागी स्थिर करतो आणि मग त्यांवर पातळ प्लास्टिक पसरून, चिकटपट्टीने घट्ट बसवून, जिथे शिवण यायची तिथे रेघ ओढतो. उंची ठरवताना त्याचा कस लागतो: वर शिडाची आडवी काठी या बाजूहून त्या बाजूला मोकळी फिरली पाहिजे, सुकाणूवाल्याला वरून पुढचं दिसलं पाहिजे, आणि तरी लाट आली की तो आडोशाला आला पाहिजे. मग कापड साच्याबरहुकूम, किंबहुना किंचित आखूडच कापायचं, म्हणजे चढवताना ते ओढून बसवावं लागतं. उभा-आडवा धागा ओढ सोसतो. उरेब, म्हणजे तिरकं, गेलेलं कापड मात्र सैलावतं आणि त्याला झोळ येतो. झोळात पाणी साचतं, साचलेल्या पाण्याने झोळ वाढतो, वाऱ्यात कापड फडफडतं आणि बटणापाशी, आयलेटपाशी कुरतडलं जातं. म्हणून तिथे कापडाचे दोन-तीन पदर दिलेले असतात. चांगल्या टपावर बोटाने टिचकी मारली तर तो मृदंगाच्या पुडीसारखा बोलतो. हा ताण हेच त्याचं सौंदर्य आणि तेच त्याचं आयुष्य.

तुषारांइतकाच उन्हाचा विचारही इथे रसिकाने करावा. शिडाचं पॉलिएस्टर वाऱ्यापुढे दमदार, पण सूर्याच्या अतिनील किरणांपुढे हळूहळू जीर्ण होणारं; म्हणून होडी नांगरली की गुंडाळलेल्या शिडावर खोळ चढवायची. या खोळीसाठी आवडीने वापरतात त्या अ‍ॅक्रिलिकच्या धाग्यात रंग तंतू घडतानाच मिसळलेला असतो, त्यामुळे तो सहजी विटत नाही. गंमत अशी की बऱ्याचदा कापड शाबूत असतं आणि टिपेचा दोराच उन्हाने आधी तुटतो. डोलकाठीला वेढणारा खोळीचा गळा घट्ट हवा, नाहीतर पाऊस तिथूनच आत ओघळतो; पण खालची बाजू थोडी उघडी ठेवावी, म्हणजे ओल्या शिडाला हवा लागते आणि बुरशी धरत नाही. कुठे आवळायचं आणि कुठे सोडायचं, हे कळलेला हात मला थोर वाटतो.

हॅस्लर यांच्यानंतर मायकेल रिची यांनी जेस्टर वर्षानुवर्षं चालवली. 1988 साली अटलांटिकमध्ये ती गमावली, तेव्हा तिची प्रतिकृती बांधली गेली आणि 1992 च्या शर्यतीत पंचाहत्तरीचे रिची तीच घेऊन उतरले. त्या वयात एकट्याने महासागरावर जायचं तर वेगाहून निवाराच मोलाचा. छोट्या होडीवरलं कापड ही तिच्या रचनेतली पहिल्या पंक्तीची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरलेल्या शिडाच्या होड्या दिसल्या, तर त्यांच्या खोळींकडे जरूर पाहा. झोळ कुठे आहे आणि दोरा कुठे उसवला आहे, ते आधी शोधा.