गंधकाविना मोरगों

मंडळी, बिद्रीत साखर कारखाना आहे, त्यामुळं रस साफ करायला चुना आणि गंधकाचा वायू लागतो हे इथं कुणाला समजावायला नको. तोच गंधकाचा वायू वाइनवाले द्राक्षाच्या रसात घालतात; जंतू मरतात, रंग टिकतो. फ्रान्सच्या बोजोले भागात, व्हिलिए-मोरगों गावी, मार्सेल लापिएर यांनी 1973 साली घरची बाग हाती घेतली आणि पुढं ज्यूल शोव्हे यांच्या सल्ल्यानं गंधक जवळजवळ सोडलाच. विकतचं यीस्टही नाही. गामे जातीचे घडच्या घड, न चिरडता, टाकीत. म्हणून ही लाल वाइन अंगानं हलकी, तुरटपणा कमी, वास चेरीसारखा. थोडी गार करून प्यावी.

आता आमचं मत. 'काही घातलं नाही' एवढ्यावरच हिची स्तुती करतात, ते आम्हाला पटत नाही. गुळाचंच बघा ना. हायड्रॉस न टाकलेला काळसर गूळ चांगलाच. पण काहील घाण असेल, मळी नीट काढली नसेल, तर तोही खाववत नाही! लापिएरांची खरी मेहनत तिथंच होती: सडका मणी वेचून बाहेर, द्राक्षं गार, टाकी लख्ख. 2010 मध्ये ते गेले. मुलं तेच काम चालवतात.

एक अडचण मात्र आहे, बरं का. बिनगंधकाची बाटली उन्हातून आली की बिघडते. म्हणून लापिएर थोडा गंधक घातलेली वेगळी बाटलीही भरायचे. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये मागवायची असेल, तर आम्ही तीच सांगू.