ताजची पाटी आणि व्हिसावरचं नाव

मुंबईहून पाहुणे आले की बिझनेस बेमधून जाताना गाडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "ते बघ, आपलं ताज!" मीही ते म्हटलंय. पीएचडीपासून घराबाहेर असलेल्या माणसाला अपोलो बंदरावरचं नाव बुर्ज खलिफाच्या शेजारी दिसलं की बरं वाटतंच. प्रश्न एवढाच आहे की त्या इमारतीत 'आपलं' नक्की काय आहे?

आधी वाढीची गोष्ट. मुंबईचं ताज १९०३ मध्ये उघडलं. त्याचा आराखडा करणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी नाव होतं, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसतं. त्यानंतर साधारण सत्तर वर्षं 'ताज' म्हणजे मुंबईतलंच ताज. १९७१ मध्ये उदयपूरचा लेक पॅलेस आला, मग जयपूर, गोवा, चेन्नई, आणि ऐंशीच्या दशकात लंडन. दुबईत २०१५ मध्ये बिझनेस बे, २०१९ मध्ये जुमेरा लेक टॉवर्स, २०२२ मध्ये पाम जुमेरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मूळ कंपनी इंडियन हॉटेल्सने २०३० पर्यंत ७०० हॉटेलांचं लक्ष्य जाहीर केलं. सत्तर वर्षं एक हॉटेल आणि आता सहा वर्षांत सातशेपर्यंत! हा वेग आला कुठून?

उत्तर बांधकामात नाही, करारात आहे. आजची मोठी हॉटेल साखळी बहुतेक ठिकाणी इमारतीची मालक नसते. जमीन आणि इमारत दुसऱ्याची. साखळी नाव देते, पद्धत देते, बुकिंगची यंत्रणा देते आणि हॉटेल चालवते. त्याबदल्यात एकूण उत्पन्नाचा ठरावीक टक्का आणि नफ्यातला वाटा घेते. याला मॅनेजमेंट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात आणि या धोरणाला असेट-लाइट. कल्पना जुनी आहे. हिल्टनचं १९४९ चं सॅन हुआनमधलं हॉटेल प्वेर्तो रिकोच्या सरकारने बांधलं होतं. हिल्टनने ते फक्त चालवायला घेतलं. मॅरियटने १९९३ मध्ये कंपनीचे सरळ दोन भाग केले : एकाकडे इमारती, दुसऱ्याकडे नाव आणि व्यवस्थापन. 'मॅरियट' म्हणून आपल्याला माहीत आहे तो हा दुसरा भाग.

हा सगळा लबाडीचा व्यवहार आहे, असं मला म्हणायचं नाही. इमारत विकत घेणं महागात पडतं, हे ताजनेही अनुभवलंय. बॉस्टनमधलं एक हॉटेल त्यांनी १७ कोटी डॉलर्सना घेतलं आणि २०१६ मध्ये साडेबारा कोटींना विकलं. त्यानंतर कुठलाही शहाणा व्यवस्थापक 'इमारत तुमची, नाव आमचं' असंच म्हणेल.

पण मग वाढ मोजायची कशी, हा प्रश्न येतो. या धंद्यात खोल्यांना 'कीज' म्हणतात आणि नुसता करार झालेली, अजून न उघडलेली हॉटेलंही साखळीच्या एकूण आकड्यात धरली जातात. म्हणजे आपण जिला वाढ म्हणतो, ती बऱ्याच अंशी पाट्यांची वाढ असते. पाटी लागते तशी उतरतेही. देऱ्यात खाडीकाठी १९७५ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल उघडलं, शहरातलं सुरुवातीचं पंचतारांकित हॉटेल. इमारत आजही उभी आहे, नाव मात्र रॅडिसन ब्लू. देऱ्यातच पूर्वी ताज पॅलेस होतं, तेही आता ताज नाही. 'आपलं ताज' एकदा दुबईतून गेलं होतं, हे गाडीतल्या त्या वाक्यात कुठेच येत नाही.

इथवर मामला कंपन्यांचा आहे. मला तो घरचा वाटायला लागला मावसभावामुळे. चिपळूणचा मुलगा, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केलेला, दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला लागला. (हॉटेल ताज नव्हे, आणि नाव सांगण्यात अर्थ नाही.) मावशीने गावभर हॉटेलचं नाव सांगितलं. मी अबू धाबीहून त्याला भेटायला गेले तेव्हा कळलं, त्याच्या व्हिसावर वेगळंच नाव होतं. एका सप्लाय कंपनीचं. राहायला सोनापूरला, एका खोलीत सहा जण. मुंबईकराला सोनापूर म्हटलं की स्मशान आठवतं. इथे ती कामगारांची वस्ती. तो म्हणाला, "ताई, युनिफॉर्म सगळ्यांचा सेम आहे. पण आमच्यात दोन जाती आहेत. हॉटेलचे आणि सप्लायचे."

या दोन जातींचा हिशेब कागदावरच होतो. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या पगाराइतकी असते, पण ती मोजतात बेसिकवर. त्यामुळे बेसिक कमी आणि भत्ते जास्त दाखवले की ग्रॅच्युइटी आपोआप आटते. परदेशी कामगारांसाठी किमान वेतन कायद्याने ठरलेलं नाही. कामगार संघटना काढता येत नाही. भरतीचे पैसे कामगाराकडून घ्यायला कायद्याने बंदी आहे. मावसभावाने मुंबईतल्या एजंटला दिलेल्या पैशांची पावती अर्थातच नाही.

म्हणजे एकाच लॉबीत तीन नावं असतात : दारावर साखळीचं, सातबाऱ्यावर मालकाचं आणि व्हिसावर सप्लायरचं. काही बिनसलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. साखळीच्या वार्षिक अहवालात वाढीचे तक्ते असतात, पण पाटीखाली राबणाऱ्यांपैकी किती जण तिचे स्वतःचे आहेत, हा आकडा हॉटेलागणिक शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. माझी टीका या गाळलेल्या रकान्यावर आहे. नाव आणि दर्जा भाड्याने देता येतो, तर त्या दर्जाच्या अटींत कामगाराचा व्हिसा, खोली आणि बेसिकही घालता येईल. उशीला किती घड्या घालायच्या हे करारात लिहिता येतं, तर हेही येईल.

तुमच्यापैकी अनेक जण कॉन्फरन्सला किंवा दोन दिवसांच्या स्टॉपओव्हरला दुबईत उतरता. खोली आवरायला आलेला मुलगा पुष्कळदा रत्नागिरीचा, कोल्हापूरचा किंवा काठमांडूचा निघतो. गावाबद्दल आपण विचारतोच. तो मोकळा झाला तर हेही विचारा : "व्हिसा हॉटेलचा की सप्लायचा?" मावसभाऊ सांगतो, हा प्रश्न विचारणारा पाहुणा त्याला अजून भेटलेला नाही.