अधिवास हरवलेली व्यक्तिचित्रे : अँडी वॉरहॉल यांची ‘एन्डेंजर्ड स्पीशीज’ चित्रमालिका

बीजसंज्ञा : संकटग्रस्त प्रजाती, पॉप आर्ट, सिल्कस्क्रीन, अधिवास

प्रस्तावना

वन्यजीवांविषयी जाणीव निर्माण करणाऱ्या कलाकृतींचे मूल्यमापन बहुधा त्यांच्या हेतूवरून केले जाते. हेतू उदात्त असला की कलाकृतीही समर्थ मानली जाते आणि समीक्षा तेथेच थांबते. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल (१९२८–१९८७) यांची ‘एन्डेंजर्ड स्पीशीज’, म्हणजेच ‘संकटग्रस्त प्रजाती’, ही १९८३ मधील चित्रमालिका या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. न्यूयॉर्कचे कलादालनचालक रोनाल्ड व फ्रेडा फेल्डमन यांच्या सूचनेवरून ती साकारली. अमेरिकेत संकटग्रस्त प्रजातींचा कायदा होऊन त्या वेळी दहा वर्षे झाली होती. मालिकेत दहा सिल्कस्क्रीन मुद्राचित्रे असून प्रत्येकाच्या १५० क्रमांकित प्रती काढण्यात आल्या.

व्यक्तिचित्राचा सन्मान

मेरिलिन मन्रो यांचे ऑगस्ट १९६२ मध्ये निधन झाल्यानंतर वॉरहॉल यांनी चित्रपटाच्या प्रसिद्धी-छायाचित्रावरून त्यांची गाजलेली चित्रे केली. छायाचित्र, त्यावरील सपाट भडक रंग आणि बाह्यरेषा ही तीच पद्धत त्यांनी येथे प्राण्यांसाठी वापरली. या चित्रांना त्यांनी ‘रंगभूषा केलेले प्राणी’ म्हटल्याचे सांगितले जाते. प्रसिद्धीच्या झोतातील माणसांना मिळणारा मान त्यामुळे गेंड्याला आणि ओरँगउटानला मिळाला. मालिकेचे दुसरे बळ तिच्या आकारात आहे. प्रत्येक कागद ३८ × ३८ इंचांचा चौरस आहे. आफ्रिकी हत्तीला जेवढी जागा, तेवढीच पाच सेंटिमीटरांहून लहान असलेल्या पाइन बॅरेन्स वृक्षबेडकाला! निसर्गातील लहान-मोठेपणा येथे पुसला जातो आणि बेडकाचे अस्तित्वही हत्तीइतकेच मोलाचे ठरते.

तथापि निवडीची मर्यादाही नोंदवावी लागते. दहापैकी सात सस्तन प्राणी आहेत. पक्षी, उभयचर आणि कीटक यांच्या वाट्याला प्रत्येकी एकच चित्र आले आहे. वनस्पती आणि मासे यांना स्थान नाही. ज्याला पाहताच ओळखता येईल असा चेहरा आहे, त्यालाच सहानुभूती मिळते, ही प्रसिद्धीची रीत मालिकेने फारशी मोडलेली नाही.

चित्रातून गेलेली जागा

अधिक गंभीर प्रश्न पार्श्वभूमीचा आहे. बहुतेक चित्रांत प्राण्यामागे केवळ रंगाचा सपाट पट्टा आहे. रान, पाणी, गवत यांपैकी काही नाही. प्रजाती संकटात येतात त्यामागे अधिवासाचा ऱ्हास हे एक प्रमुख कारण असते, आणि नेमका तोच चित्रातून वगळला गेला आहे. ही रिकामी जागा म्हणजेच अधिवासनाशाचे सूचन होय, असे समर्थन करता येईल. परंतु मन्रो यांच्या चित्रांतही अशीच सपाट पार्श्वभूमी आहे. म्हणजे ही रिक्तता विषयातून आलेली नसून शैलीतून आलेली आहे. विशेष म्हणजे स्थळ उरले आहे ते शीर्षकांत. आफ्रिकी हत्ती, सायबेरियन वाघ, सॅन फ्रान्सिस्को सिल्व्हरस्पॉट फुलपाखरू आणि पाइन बॅरेन्स वृक्षबेडूक या चार नावांतच प्राण्यांची घरे टिकून आहेत. चित्र जे सांगत नाही ते नाव सांगते. मात्र त्यासाठी प्रेक्षकाला चित्राकडून नावाकडे वळावे लागते.

कारणमीमांसेची ही उणीव बाल्ड ईगल या गरुडाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. अलास्का व हवाई वगळता उर्वरित अमेरिकेत १९६३ मध्ये त्याच्या घरटी करणाऱ्या केवळ ४१७ जोड्या नोंदल्या गेल्या होत्या. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन ती फुटत असत. १९७२ मध्ये या कीटकनाशकावर बंदी आली आणि पुढे कायद्याचे संरक्षणही मिळाले. २००७ मध्ये, जोड्यांची संख्या सुमारे ९,७०० पर्यंत पोहोचल्यावर, हा गरुड संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आला. वॉरहॉल यांचा गरुड रुबाबदार आहे. पण पातळ झालेले कवच त्या चित्रात कोठेही नाही. उलट काळा गेंडा आजही अतिसंकटग्रस्त आहे. दोघांची व्यक्तिचित्रे सारख्याच थाटाची आहेत, भवितव्य मात्र भिन्न झाले. हा फरक चित्रांनी घडवलेला नाही, आणि त्याचे कारणही चित्रांतून कळत नाही.

निष्कर्ष

मुद्राचित्राच्या १५० प्रती काढता येतात, प्रजातीची प्रत काढता येत नाही. या विरोधाभासामुळे मालिका आजही अस्वस्थ करते, आणि हेच तिचे कलामूल्य आहे. ‘कोण नाहीसे होत आहे?’ या प्रश्नाचे उत्तर ती ठळकपणे देते, ‘कशामुळे?’ हा प्रश्न मात्र ती प्रेक्षकावर सोपवते. ओळख हा जाणिवेचा आरंभ असतो, शेवट नव्हे. म्हणून अशी चित्रे वर्गात किंवा प्रदर्शनात मांडताना चेहऱ्याशेजारी त्या प्राण्याचे घर आणि ते हरपण्याचे कारणही मांडले गेले पाहिजे. अन्यथा प्राण्याविषयीची ममता चित्राच्या चौकटीतच संपण्याचा धोका राहतो.