मराठी संकेतस्थळांचा शोध : सूचीवाचून भांडार

महाविद्यालयीन प्रकल्पांच्या आणि लघुप्रबंधांच्या अखेरीस दिलेल्या संदर्भसूचीत 'गूगल' असा एकशब्दी संदर्भ आता सर्रास आढळतो. ग्रंथाचे नाव विचारले असता ग्रंथालयाच्या दरवाजाचे नाव सांगावे, तसा हा प्रकार आहे. त्यावर हसणे सोपे आहे. परंतु हा दोष एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारता येत नाही. मराठीत अभ्यासयोग्य संकेतस्थळे कोणती, ती कशी गाठावीत आणि त्यांची पारख कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा विचार अध्यापकवर्गानेही गांभीर्याने केलेला नाही. 'माहितीचा स्फोट' हा शब्दप्रयोग चर्चासत्रांतून पुष्कळदा ऐकू येतो. त्या स्फोटात मराठीच्या वाट्याला नेमके काय आले, हे मात्र क्वचितच तपासले जाते.

महाजालाच्या आरंभकाळात संकेतस्थळांची निवड माणसे करीत असत. १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेली 'याहू' ही मुळात विषयवार निर्देशिका होती. १९९८ पासून 'ओपन डिरेक्टरी' या प्रकल्पात स्वयंसेवक संपादक संकेतस्थळे वाचून त्यांचे वर्गीकरण करीत. ब्रिटनमधील विद्यापीठांनी मिळून चालविलेल्या 'इंट्यूट' या सेवेत तर विषयतज्ज्ञ प्रत्येक संकेतस्थळाचे परीक्षण लिहीत. या तिन्ही गोष्टी आज इतिहासजमा झाल्या आहेत. इंट्यूटचा निधी २०११ मध्ये थांबला, याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस आणि ओपन डिरेक्टरी २०१७ मध्ये बंद झाली. संकेतस्थळांची संख्या माणसांच्या वाचनशक्तीपलीकडे गेली आणि निवडीचे काम शोधयंत्राकडे आले. शोधयंत्राच्या क्रमवारीचा मूळ आधार म्हणजे एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणती पाने निर्देश करतात हा होय. इंग्रजीत, जेथे अभ्यासक एकमेकांच्या पानांचे दुवे देतात, तेथे ही कसोटी बऱ्याच अंशी उपयुक्त ठरते. मराठीत असे दुवे देण्याची सवयच तोकडी असल्यामुळे उत्तम पान आणि उथळ पान यांतला फरक यंत्राला कळण्याची शक्यता कमी होते.

वास्तविक सूचिकार्याची परंपरा मराठीला नवी नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडांतील मुद्रित मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. ती हाताशी नसती, तर एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा अभ्यास किती अंधारात चालला असता, याची कल्पना संशोधन करणाऱ्या कोणत्याही अध्यापकास येईल. एका व्यक्तीने ग्रंथांसाठी जे परिश्रम घेतले, तसे परिश्रम संकेतस्थळांसाठी घेणारा दाते मात्र अद्याप निघालेला नाही.

सूचीची ही गरज इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक आहे आणि त्याचे कारण बरेचसे भाषिक व लिपिविषयक आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत मराठीतील अनेक पाने श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या टंकांत घडविली जात. वाचकाला पडद्यावर देवनागरी दिसे. संगणकात मात्र रोमन अक्षरांचे संकेत साठविलेले असत. परिणामी ते लेखन शोधयंत्राच्या दृष्टीने निरर्थक अक्षरांची रास ठरले. युनिकोडने हा प्रश्न पुष्कळसा सोडविला, पण संपविला नाही. 'दुसऱ्या' हा नेहमीचा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर योजून, दुसरा, साध्या 'र'ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला ती भिन्न वाटू शकतात. 'ॲ' या अक्षराला तर २००८ पर्यंत युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थानच नव्हते. त्यामुळे त्याआधीचे लेखन निरनिराळ्या क्लृप्त्यांनी झालेले आहे. मोठी शोधयंत्रे असे भेद काही प्रमाणात मिटवितात. एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावरील साध्या शोधपेटीकडून ती अपेक्षा करता येत नाही.

त्यात शुद्धलेखनाच्या इतिहासाची भर पडते. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीचा मजकूर जसाच्या तसा उतरविला असेल, तर तेथे 'नांव', 'गांव', 'पांच', 'केलें' अशी रूपे असणार. 'गाव' असा शब्द देऊन शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला काही सापडले नाही, म्हणजे साहित्य उपलब्ध नाही, असा निष्कर्ष तो काढतो. येथे उणीव संगणकज्ञानाची नसून मराठीच्या ज्ञानाची आहे. म्हणूनच हा विषय केवळ संगणक विभागाकडे सोपविणे योग्य ठरत नाही.

'इंटरनेट अर्काइव्ह' हे याचे ठळक उदाहरण. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात छायांकित झालेल्या ग्रंथांपैकी मोठा साठा आता तेथे आहे आणि त्यात जुनी मराठी पुस्तके विपुल आहेत. परंतु ग्रंथनामे बहुधा रोमन लिपीत व मनमानी वर्णविन्यासाने नोंदलेली आहेत; लेखकाचे नाव कधी अर्धवट, कधी चुकीचे असते. नेमके पुस्तक हवे असल्यास एकाच नावाचे चारपाच रोमन अवतार घालून पाहावे लागतात. दुर्मीळ ग्रंथ घरबसल्या मिळतो हे खरे. तो तेथे आहे हे आधीपासून ठाऊक असेल तरच मिळतो, हेही तितकेच खरे.

पारखीच्या प्रश्नाकडे वळले असता 'मराठी विश्वकोश' आणि मराठी विकिपीडिया यांची तुलना उद्बोधक ठरते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईहून सुरू झालेल्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एकूण २० खंडांतील मजकूर आता संकेतस्थळावर खुला आहे. नोंदीखाली लेखकाचे नाव असते, जबाबदारी निश्चित असते. पण ग्रंथ हातात असताना मुखपृष्ठाच्या आतील पानावरचे प्रकाशनवर्ष वाचकाच्या नजरेखालून जाते. सुटी नोंद पडद्यावर वाचताना ते भान सुटते. १९९१ पूर्वी निघालेल्या खंडांत सोव्हिएट संघ नांदते राष्ट्र असणे स्वाभाविक आहे, तसेच लोकसंख्येचे आकडेही त्या त्या काळचेच असणार. नोंद कोणत्या खंडातील, हे न पाहता ती उद्धृत करणे म्हणजे जुने पंचांग पाहून मुहूर्त काढणे होय. ही उणीव ओळखूनच विश्वकोश मंडळाने विषयवार ज्ञानमंडळांद्वारे नव्या नोंदींचे काम हाती घेतले, हे नमूद केले पाहिजे.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची स्थिती नेमकी उलटी आहे. तेथे उत्तरदायी लेखक नाही, मजकूर कोणीही बदलू शकतो आणि अनेक लेख दोनचार वाक्यांवरच थांबलेले आहेत. तथापि 'इतिहास' या दुव्यावर प्रत्येक बदल दिनांकासह पाहता येतो आणि चर्चापानावर मतभेदही वाचावयास मिळतात. विकिपीडिया संदर्भासाठी निषिद्ध मानणाऱ्या अध्यापकांपैकी हे इतिहासपान उघडून पाहणारे किती असतील, हा प्रश्नच आहे. एका ठिकाणी लेखक आहे पण काळाचे भान निसटते, दुसऱ्या ठिकाणी काळ आहे पण लेखक नाही. वर्गात हे दोन संदर्भ शेजारी ठेवून एकच विषय वाचून घेतला, तर संदर्भमूल्य म्हणजे काय, ते स्वतंत्र व्याख्यानावाचून समजते.

बाह्यरूपावरून केलेली पारखही फसवी असते. शिकागो विद्यापीठाशी निगडित 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी'च्या पानांवर डोळ्यांत भरण्यासारखे काही नाही. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश मात्र तेथे शब्दवार शोधता येतात. पदव्युत्तर वर्गात संतसाहित्य शिकविणाऱ्याला यापेक्षा अधिक उपयोगी पान सहसा सापडणार नाही. अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळही असेच साधे आहे : याद्या आणि दुवे, एवढाच त्याचा थाट. त्यांवर मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकांचा आणि टाकाऊ वस्तूंपासून करावयाच्या विज्ञानखेळण्यांचा प्रचंड संग्रह मोफत मिळतो. शिक्षकाने शिक्षकाला सांगावे, अशा मौखिक मार्गानेच अशी पाने अधिक पसरतात. आकर्षक मांडणीची, जाहिरातींनी भरलेली आणि एकमेकांची नक्कल करणारी 'निबंध' व 'भाषणे' पुरविणारी पाने विद्यार्थ्यापर्यंत आपोआप पोहोचतात. त्यांना शिफारशीची गरज पडत नाही.

एखाद्या महाविद्यालयातील मराठी विभाग आणि ग्रंथपाल यांनी मिळून पन्नास संकेतस्थळांची सटीप सूची करावयाची ठरविली, तर ते काम एका सत्रात होण्याजोगे आहे. प्रत्येक नोंदीत चालविणारी संस्था वा व्यक्ती, मजकुराचा मूळ काळ, शोधताना वापरावयाची लेखनरूपे आणि पान पाहिल्याचा दिनांक इतके असावे. यांतील दिनांक केवळ उपचार म्हणून नाही. २००९ मध्ये 'जिओसिटीज' बंद झाले, तेव्हा हौशी अभ्यासकांची असंख्य पाने तेथून नाहीशी झाली. त्यांपैकी जी वाचली, ती कोणीतरी वेळीच प्रत काढून ठेवली म्हणून. इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर कोणतेही खुले पान जतन करण्याची विनंती नोंदविता येते. सूचीत नोंद करतानाच ती नोंदविण्यास एक मिनिटही पुरते.