गांधीलमाशीचा राग : मार्गारेट वॉशबर्न यांचा एक युक्तिवाद

या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा तत्त्वज्ञांचे ग्रंथ घेतो. आज मानसशास्त्रातला एक ग्रंथ घेऊ या. नाव 'द ॲनिमल माइंड', साल १९०८, लेखिका मार्गारेट फ्लॉय वॉशबर्न.

वॉशबर्न यांचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं : मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवणारी पहिली स्त्री. ते खरंच आहे. १८९४ साली कॉर्नेल विद्यापीठात, टिचनर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ती पदवी मिळवली. पण हे वाक्य उच्चारलं की आपलं कर्तव्य संपतं. बाईंनी म्हटलं काय, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. 'दुसऱ्याचं मन आपल्याला कसं कळतं?' हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवला, त्या ओघात वॉटसनचा वर्तनवादही शिकवला. वॉशबर्न यांचा साधा उल्लेखही केला नाही. निवृत्तीनंतर ग्रंथ नीट वाचला, तेव्हा आपण काय गाळलं होतं ते कळलं.

आधी त्या काळातली परिस्थिती पाहू. १८८२ साली रोमान्स यांचा प्राण्यांच्या बुद्धीवरचा ग्रंथ आला. त्यात किस्से फार. कुणाच्या कुत्र्यानं काय शहाणपण केलं, कुणाच्या मांजरानं कडी कशी उघडली. सांगणारा आपल्या प्राण्यावर प्रेम करणारा, म्हणजे साक्षीदार पक्षपातीच की! वॉशबर्न यांनी किस्से बाजूला ठेवले आणि प्रयोगांचे निष्कर्ष गोळा केले. स्वतःही प्रयोग केले. १९०६ मध्ये बेंटली यांच्यासोबत त्यांनी ओढ्यात राहणाऱ्या चब जातीच्या माशावर काम केलं. लाल चिमट्याला खाद्य, हिरवा चिमटा रिकामा. मासा लालकडे जायला शिकला. पण तो रंग ओळखतो की नुसता फिका-गडदपणा? हा प्रश्न त्यांना पडला, हेच महत्त्वाचं. 'माशाला रंग दिसतो' असं म्हणण्याआधी दुसरी शक्यता तपासावी लागते.

आता मुख्य युक्तिवादाकडे वळू. वॉशबर्न म्हणतात, प्राण्याचं मन आपल्याला थेट दिसत नाही. दिसतं ते वर्तन, आणि त्याचा अर्थ आपण स्वतःच्या अनुभवाच्या सादृश्यावरून लावतो. इथे कुणी म्हणेल, मग हे शास्त्र कच्चंच. बाईंचं उत्तर असं की शेजारच्या माणसाचं मनसुद्धा आपण याच वाटेनं ओळखतो. फरक प्रकाराचा नाही, खात्रीच्या प्रमाणाचा आहे. आपल्याकडे सातव्या शतकात धर्मकीर्तींनी 'सन्तानान्तरसिद्धि'मध्ये दुसऱ्याच्या चित्ताचं अनुमान त्याच्या क्रियांवरून कसं होतं, याचा विचार केला होता. प्रश्न जुनाच आहे. वॉशबर्न यांनी तो प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला.

त्यांचं गांधीलमाशीचं उदाहरण पाहा. डिवचलेली गांधीलमाशी अंगावर येते. आपण म्हणतो, चिडली. पण आपला राग म्हणजे काय? छातीत धडधड, जोराचा श्वास, आवळलेल्या मुठी. गांधीलमाशीला फुप्फुसं नाहीत, रक्ताभिसरण वेगळं, स्नायू बाहेरच्या कवचाला आतून चिकटलेले. मग तिच्या रागात उरतं काय? 'राग' हा शब्द आपल्यापाशी आहे, पण त्याच्या मागचं शरीर तिच्यापाशी नाही.

हे उदाहरण आम्हाला ग्रंथाचं बळ वाटतं, आणि त्यातच त्याची मर्यादाही दिसते. बळ असं की मन हे शरीराशिवाय लटकत नाही, हे त्यातून ठसतं. मर्यादा अशी की मोजपट्टी शेवटी माणसाचीच राहते. शरीर आपल्यासारखं, तर मनाची खात्री जास्त. शरीर वेगळं, तर खात्री कमी. पण आपली खात्री कमी झाली म्हणून त्या जिवाचा अनुभव कमी झाला असं होतं का? नाही ना! एक आपल्या ज्ञानाबद्दलचं विधान आहे, दुसरं त्या जिवाबद्दलचं. वॉशबर्न स्वतः ही गल्लत करत नाहीत, पण त्यांची पद्धत वाचकाला त्या उतारावर आणून सोडते. 'कळत नाही'वरून 'नसेलच' इथवर घसरायला वेळ लागत नाही, आणि त्या घसरण्याची किंमत प्राणी मोजतात.

१९१३ मध्ये वॉटसननं जाहीर केलं की मानसशास्त्रानं मनाची भाषाच सोडावी. अनेकांना सुटल्यासारखं वाटलं. वॉशबर्न वर्तनाच्या अभ्यासाला विरोध करत नव्हत्या. पण जे अवघड आहे ते नाहीच म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. 'द ॲनिमल माइंड'च्या १९१७, १९२६ आणि १९३६ साली नव्या आवृत्त्या निघाल्या. वर्तनवादाच्या भरतीच्या काळात हा प्रश्न जागा ठेवला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

एक मोह मात्र टाळू या. कोलंबिया विद्यापीठात त्यांना केवळ श्रोता म्हणून बसू दिलं होतं. टिचनर यांनी १९०४ मध्ये प्रयोगकर्त्यांचं मंडळ काढलं, त्यात स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यांच्या पहिल्या डॉक्टरेट विद्यार्थिनीलाही नाही. १९२१ मध्ये वॉशबर्न अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या, तरी ते दार बंदच होतं. टिचनर १९२७ मध्ये वारले, त्यानंतर ते उघडलं. हे वाचून वाटतं, ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनाच मुक्या जिवांची कणव येणार. छान जुळतं, पण ग्रंथात याला आधार नाही. तिथे कणव नाही, पुरावा आहे. युक्तिवादाला चरित्रात विरघळवणं हाही त्यांना श्रोत्यांच्याच बाकावर बसवण्याचा प्रकार झाला.

तेव्हा एवढंच सुचवावंसं वाटतं : 'पहिली स्त्री' हे वाक्य म्हणा, पण तिथे थांबू नका. पुढची गांधीलमाशी खिडकीवर आपटताना दिसली, तर 'चिडली' म्हणण्याआधी क्षणभर थांबा. आणि 'तिला काय कळतंय' म्हणण्याआधी त्याहून थोडं जास्त थांबा. आम्ही इथेच थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.